माळावरची हजेरी

१९७४ साल. मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा. त्याचं वय विचारलं तर तो म्हणायचा, "तुमीच ठरवा आप्पा, मला कुठलंबी चालतंय."

त्याला एक खोड होती. चालता चालता मध्येच थांबायचा, उकिडवा बसायचा, हात कानामागं धरायचा आणि म्हणायचा, "गप. ऐका." समोर कोण आहे हे बघायचा नाही. मी जमिनीचा मालक, तो माझ्या शाळवाचा राखणदार, तरी मलाच "गप". माझ्या बापानंतर मला गप म्हणणारा तो एकटाच. पहिल्या दिवशी मी तिथल्या तिथं त्याला कामावरनं काढणार होतो. पण त्यानं असा काही कान दिला होता, की मीही नकळत गप झालो आणि ऐकू लागलो. लांब पवनाड गवतातनं तितर ओरडत होता. "तितीत्तर, तितीत्तर, तितीत्तर." आपलंच नाव ओरडणारं पाखरू. तो हसला आणि म्हणाला, "आपलाच हाय. बोरीखालचा."

त्याचं नाव इथं लिहीत नाही. तो फासेपारधी. त्याच्या लोकांची नावं चौकीत आधीच इतक्यांदा लिहून झाली होती, की स्वतःचं नाव ऐकलं तरी तो दचकायचा. "नावानं हाक मारू नका आप्पा, पाय आपसूक पळाया लागत्यात." आमच्या भांडगावात सगळे त्याला तितरवाला म्हणत. मीही तेच म्हणतो.

पारध्याला राखण दिली म्हणून गावानं मला शहाणपण शिकवलं. मी कुणाचं ऐकणाऱ्यातला नाही. मी म्हटलं, पीक माझं, राखणदार माझा, तुमच्या पोटात का दुखतंय? आणि खरं सांगतो, त्याच्या सालांत माझ्या शाळवाचं एक कणीस इकडचं तिकडं झालं नाही. माच्यावर उभा राहून त्यानं गोफण फिरवली, की नुसत्या आवाजानं पाखरांचा थवा उठून शेजारच्याच्या रानात बसायचा. शेजारी मला शिव्या द्यायचा. मला बरं वाटायचं.

सुगी संपली की त्याचा खरा धंदा सुरू व्हायचा. त्याच्याकडं एक पाळीव तितर होता. कामट्यांचा पिंजरा, वर जुन्या लुगड्याचं फडकं. ह्या तितराला तो मास्तर म्हणायचा. तितर धरायची रीत अशी. बोरीच्या जाळीखाली पिंजरा ठेवायचा, भोवतीनं फासांची दावण रोवायची आणि लांब जाऊन पडून राहायचं. मास्तर मोठ्यानं ओरडणार. ज्या रानतितराचा तो मुलूख, त्याला ते खपत नाही. तो जागेवरनं उत्तर देणार, मग भांडायला पळत येणार, आणि फासात पाय अडकणार.

"मास्तर, हजेरी घ्या," असं म्हणून तो फडकं उचलायचा. माळावरनं उत्तर आलं, की पुटपुटायचा, "हजर."

संध्याकाळी पिंजरा उघडून मास्तरला मोकळं सोडायचा. तो पुढं चाललाय आणि मागं तितर तुरुतुरु पळतोय, असं ते ध्यान गावातनं जायचं. वाटेत तो वाळवीचं वारूळ उकरायचा, मास्तर टिपून खायचा. त्याची बायको खोपटाच्या दारात उभी राहून म्हणायची, "या. आधी थोरल्याला जेवू घाला, मग माझ्याकडं बगा." ती बाई तोंडाची फटकळ, पण मास्तरला पाणी पाजल्याशिवाय स्वतः पाणी प्यायची नाही.

तितराला गिऱ्हाईक बक्कळ. सोलापूर रोडवरचे हॉटेलवाले घ्यायचे, दौंडचे रेल्वेतले लोक घ्यायचे, तो शिरूरच्या बाजारातही टोपली घेऊन जायचा. रविवारी जीपमधनं बंदूकवाले यायचे ते निराळेच. मीही तितर खाल्लाय, चवीनं खाल्लाय. शिकारबंदीचा कायदा झाला होता म्हणे, पण कागदावर निघालेला कायदा आमच्या माळावर यायला बरीच सालं लागली. त्यात दुष्काळ पडला. पाण्याचं एक डबकं दिसलं की तिथं पाखरं गोळा व्हायची आणि पाखरांपाठोपाठ माणसं. त्या साली ज्याच्या हाती जे लागलं ते त्यानं खाल्लं. पोट कुणाला चुकलंय?

मग पाऊस झाला. पुढच्या साली गवत गुडघ्यावर आलं, बोरी फुटल्या. चैत्रात त्यानं मास्तरचं फडकं उचललं. मास्तर ओरडला. माळावरनं काही नाही. परत ओरडला. काही नाही. तो दिवसभर पडून राहिला आणि मोकळी टोपली घेऊन आला.

आता कोणालाही वाटावं तेच त्याला वाटलं, की मास्तरच बिघडला. घसा बसला असेल, दृष्ट लागली असेल. त्यानं पिंजऱ्याला काळा दोरा बांधला. मास्तरला तुपात मिरं वाटून दिलं. हिरवी मिरची बारीक करून दिली. त्याची बायको माझ्या मंडळींना सांगत होती, "मी खोकून मेले तर तुळशीचं पान दिलं न्हाई वैनी, आन् ह्याला तूप! पुढच्या जल्मी तितर व्हईन, पर ह्याची बायकू न्हाई व्हनार."

मास्तर तूप खाऊन गोल झाला. आवाज असा खणखणीत, की माझ्या विहिरीवर ऐकू यायचा. पण उत्तर नाही.

मग तो शिरूरला गेला. घोडनदीच्या काठाला त्याच्या बायकोचे लोक राहायचे. मेव्हण्याकडनं दुसरा बोलका तितर उसना आणला. तोही ओरडून ओरडून थकला. तेव्हा हा माझ्या बांधावर येऊन बसला. चेहरा उतरलेला.

"संपला आप्पा. तितर संपला. माळढोकावानी झालं."

माळढोक मी लहानपणी पाहिलाय. ह्याच माळावर. ताठ मानेनं चालायचा, सरपंच चालल्यासारखा. बंदूकवाला दिसला तरी पळण्यात त्याला कमीपणा वाटायचा. उभा राहून बघायचा. बघता बघता गेला. माझ्या पोरांनी तो पाहिला नाही. काळवीटही तसेच कमी झाले. म्हणून तितरवाला म्हणाला ते मला खरं वाटलं. वाईट वाटलं, पण मी ते दाखवलं नाही. म्हटलं, "बरं झालं. आता तो बोरीचा पट्टा नांगरून घेतो. विहिरीला इंजिन बसवलंय, ऊस लावतो."

हा पट्टा म्हणजे माझ्या रानाच्या कडेचा मुरमाड तुकडा. बोरी, बाभळी, कुसळ. भोवतालची सगळी माळरानं लोकांनी फोडली होती. पाणी आलं, ट्रॅक्टर आले, ज्यानं त्यानं बांध सरकवले. माझाच तेवढा पट्टा राहिला होता, आणि तोही प्रेमानं नाही, आळसानं.

तो उठून गेला. पण चार दिवसांनी सकाळीच धापा टाकत आला. "आप्पा, चला. आत्ताच्या आत्ता चला."

"काय झालं?"

"गप. चला."

बोरीच्या जाळीत त्यानं मला पालथं पाडलं. बेचाळीस वर्षांचा बाप्या मी, पोटाखाली काटे, पाठीवर ऊन. मास्तरचा पिंजरा समोर. मास्तर ओरडला. आणि मी बघितलं. दहा हातांवर गवतात तितर होते. एक नाही, अख्खं कुटुंब. मास्तरचा आवाज झाला तसे सगळे जमिनीला चिकटले. मान आत, डोळा तेवढा उघडा. मास्तर गप झाला तसे उठले आणि एका ओळीनं, पायाचा आवाज न करता, दुसऱ्या बाजूनं निघून गेले. चोच कुणी उघडली नाही.

तो माझ्या कानात म्हणाला, "पोरं सगळी हायत आप्पा. हजेरी देत न्हाईत."

परत येताना मी म्हटलं, "म्हणजे शहाणी झाली."

"पाखरू शानं न्हाई हो होत. तुमी शाळवाचं बी कसं धरता?"

त्यानं माझ्या मर्मावरच बोट ठेवलं. आमच्या बियाला पंचक्रोशीत नाव होतं. मी म्हटलं, "चांगली भरलेली कणसं निवडून आढ्याला टांगतो. ती खात नाही, पेरतो."

"आन् मी काय केलं? भरल्यालं आधी धरलं. ज्यो बोलला त्यो आला, आला त्यो ग्येला. माझ्या बापानं त्येच केलं, आज्यानं त्येच. मागं उरला कोन? जो मुळातच गप बसनारा. त्येचीच पोरं झाली. पोचट कणसाचं बी धरल्यावानी."

मी म्हटलं, "पाखरू म्हणजे जोंधळा नव्हे. उगाच काहीतरी."

"नसंल," तो म्हणाला.

मी हार मानणारा माणूस नाही, पण घरी आलो आणि आढ्याला टांगलेल्या कणसांकडं बघत बसलो. मंडळी म्हणाल्या, "उंदीर लागलेत का?" मी म्हटलं, "नाही." ते रक्तातनं येतं की पोरं आईबापाचं बघून शिकतात, मला माहीत नाही. मी शाळेत दुसरीपर्यंत गेलो. पण माळढोक बदलला नाही म्हणून गेला, आणि तितर बदलला म्हणून उरला, एवढं मला त्या दिवशी दिसलं. उरला, पण आवाज गमावून उरला.

त्यानंतर त्यानं दावण रोवली ती एकदाच. त्या वेळी मास्तरला उत्तर आलं. बारीक, अडखळत, पण आलं. मादी होती. पळत आली आणि अडकली. ती त्यानं बाजारात नेली नाही. हॉटेलवाला दारात येऊन उभा राहिला, तरी दिली नाही. बायकोनं विचारलं, "आता चुलीवर काय घालू, मास्तरचं भाषन?" पण दुसऱ्या दिवशी तिनंच मादीसाठी वेगळा पिंजरा विणला आणि मास्तरच्या पिंजऱ्याला लावून ठेवला. दोघं एकमेकांकडं कामट्यांतनं बघायची. चार दिवसांत सूर जुळला. एक ओरडला की दुसरी.

एक दिवस तो मला म्हणाला, "मास्तरला सोडतो. ह्या बाईबरूबर. बोलकं बी हितं पेरतो."

मी थट्टा केली. "मग तू खाणार काय? मास्तर म्हणजे तुझा नांगर. नांगर कुणी रानात फेकून येतं का?"

"राखन करीन. खडी फोडीन. माळ असा मुका बघवत न्हाई आप्पा. घरात मयत झाल्यावानी वाटतंय."

आणि त्यानं सोडला. बोरीखाली दोन्ही पिंजरे उघडले. मादी फुर्रकन गवतात गेली. मास्तर बाहेर आला, पंख झाडले, मोठ्यानं ओरडला आणि तितरवाल्याच्या मागं मागं घरी आला. खोपटात शिरून पिंजऱ्यात जाऊन बसला.

"सोडाया ग्येला आन् वरात घिऊन आला," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो मास्तरला पट्ट्यात सोडून पळत सुटला. वयस्क माणूस, धोतर धरून पळतोय आणि मागनं तितर पळतोय. गावानं पोट धरून हसून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्यानं बाभळीमागं लपून पाहिलं. मास्तर मादीबरोबर चरत होता. ह्याला वाटलं जमलं. आनंदानं खाकरला, आणि मास्तर सगळं टाकून आला. मी त्या दिवशी तिथं होतो. त्याचं ते खाकरणं आणि मग कपाळावर हात मारणं अजून दिसतं. मी हसलो, तो हसला नाही.

"माझा आवाज हितं हाय, तवर त्यो रानचा व्हायचा न्हाई," तो म्हणाला. "मलाच जायला पायजे."

"वेडा आहेस का? एका तितरासाठी गाव सोडणार?"

"आमी कुठल्या गावचे आप्पा? पाल उचललं की झालं." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "तेवढा बोरीचा पट्टा मातूर ठिवा. अंडी त्या गवतात घालतील. गवात न्हाई तर काय न्हाई."

मी त्याआधीच ट्रॅक्टर सांगून ठेवला होता. नांगरटीचे दिवस, ट्रॅक्टर मिळणं मुश्कील. आणि मला कुणी हे कर म्हटलं, की माझ्या अंगात उलटंच शिरतं. मी म्हटलं, "जमीन माझी. काय करायचं ते मी बघीन."

"व्हय आप्पा. तुमचीच हाय." एवढंच म्हणाला. त्याच्या आवाजात राग असता तर मी भांडलो असतो. राग नव्हता.

पुढं काय झालं ते आधी सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला रुखरुख नको. त्या साली माळावर एकच आवाज होता. पुढच्या साली दोन बाजूंनी यायला लागला. आणखी दोन-तीन पावसाळे गेले आणि एका सकाळी मी विहिरीवर दात घासत होतो, तर एक इकडनं ओरडला, एक ओढ्याकडनं, एक पार रोडच्या अंगानं. भांडण लागल्यासारखं. मास्तरचीच पोरं की कुठनं दुसरीकडनं आलेली, कोण जाणे. पाखरांच्या पायात कुणी कडी घातलेली नव्हती. पण आवाज मास्तरचाच, खणखणीत, तूप खाल्ल्यासारखा. शेजाऱ्यानंही मग ओढ्याकाठचं गवत ठेवलं. मी ठेवलं आणि त्यानं नाही ठेवलं, असं झालेलं त्याला चालणार होतं का?

मी शिरूरच्या बाजारात त्याच्या मेव्हण्याला गाठलं. तितरवाला पलीकडं नदीच्या बाजूला कुणाच्या तरी फुलांच्या मळ्यावर राखणीला होता. मी निरोप दिला, "सांग त्याला, हजेरी लागायला लागली. एकदा येऊन ऐकून जा म्हणावं." पुढच्या बाजाराला उलट निरोप आला. "येत न्हाई म्हनावं. मी आलो तर पोरं वर्ग सोडून माझ्या मागं येतील." मी तिथं भर बाजारात एकटाच हसलो. त्यानंतर तो मला कधी दिसला नाही. मेव्हणाही पुढं बाजारात यायचा बंद झाला.

तो गेला तो दिवस मात्र मला लख्ख आठवतो. ऊन कलतीला लागलं होतं. सामान काय, दोन गाठोडी, एक हंडा आणि दोन मोकळे पिंजरे. पिंजरे बायकोच्या डोक्यावर होते. मास्तरला त्यानं दुपारीच पट्ट्यात नेऊन मादीजवळ सोडलं होतं, आणि तो पोटभर वाळवी खात होता तेवढ्यात हा मागच्या मागं ओढ्यातनं सटकला होता. आता रोडला जायची वाट बोरीच्या पट्ट्यावरनंच होती. मी बांधावर उभा होतो. माझ्या मंडळींनी भाकऱ्या बांधून दिल्या. त्यानं घेतल्या, कपाळाला लावल्या, पण बोलला नाही. मला वाटलं, रागावला. मग माझ्या ध्यानात आलं. तो ओठ घट्ट मिटून चालला होता. वाटेवर खडा वाजू नये म्हणून पायतान काढून हातात घेतलं होतं. मागनं त्याची बायको, जिचं तोंड कधी मिटलेलं गावानं पाहिलं नव्हतं, तीही पदर दातात धरून चालली होती. दोघं पट्ट्याच्या कडेकडेनं, गवतातल्या त्या मुक्या तितरांसारखी, एका ओळीनं, बिनआवाजी निघून गेली. आतनं मास्तर एकदा ओरडला. तितरवाल्याचा पाय थांबला. हात कानाकडं गेला. मग तो हात खाली घेऊन तो चालायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, आढ्याला टांगलेलं एक बियाचं कणीस काढलं, चांगलं भरलेलं, आणि मंडळी "अहो, बियाचं आहे ते" म्हणत असताना बोरीखाली नेऊन तळहातावर चोळून टाकलं. तेवढ्यात ट्रॅक्टर आला. ड्रायव्हर म्हणाला, "आप्पा, कुठनं धरू?"

मी म्हटलं, "त्या बांधापासनं पलीकडं. बोरीच्या पट्ट्याला फाळ लावायचा नाही."

"का? देव हाय का तिथं?"

"मास्तर आहे. इंजिन बंद कर."

"आता सुरू केलंय की आप्पा, डिझेल..."

"बंद कर म्हणतो ना!"

त्यानं बंद केलं. माझ्याकडं बघायला लागला. मी तिथंच बांधावर उकिडवा बसलो, हात कानामागं धरला आणि म्हटलं, "गप. ऐक."